बाकावरचं दुसरं माणूस

वर्धा, १८ जुलै १९५५

चि. नरहर,

आशीर्वाद. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बसून वाच.

तुझ्या मुलीचं तत्त्वज्ञान बंद करायला निघालेत. सुधाने बी.ए.ला तो विषय घेतला तेव्हा वर्गात तिघं होती, ती आणि दोन मुलगे. त्यातल्या एकाला तुमच्या पुलगावच्या डेपोत नोकरी लागली. दुसऱ्याला त्याच्या बापाने दंडाला धरून अर्थशास्त्राच्या वर्गात नेऊन बसवलं. उरली सुधा.

आज प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. मी या गावात मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस होते. त्यांच्या दोन्ही लेकींना मी भागाकार शिकवला आहे. आणि ते मला समजावतात, "शरयूबाई, एकटी मुलगी, एकटे प्रोफेसर, दार लोटलेलं. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "दार उघडं ठेवा."

"वाऱ्याने कागद उडतात हो."

कागदावर पेपरवेट ठेवायची अक्कल या कॉलेजात कुणाला नसेल तर इथे तत्त्वज्ञान शिकवायचंच कशाला, असं ओठावर आलं होतं. गिळलं. सुधाचं नुकसान नको. मग त्यांनीच दोन वाटा सांगितल्या. एक, सुधाने मराठी वाङ्मय घ्यावं, तिथे पुष्कळ मुली आहेत. दोन, घरचं कुणी वडीलधारं माणूस रोज तासाला येऊन तिच्याजवळ बसावं. दुसरी वाट त्यांनी हसत सांगितली. तसं माणूस कुठून मिळणार, हे त्यांनी मनात आधीच ठरवून टाकलं होतं.

मी विचारलं, "तास किती वाजता असतो?"

उद्यापासून मी बसते आहे. सुधाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तुला कंटाळा येईल गं." मी म्हटलं, विणकाम नेईन. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला डोळे मिटून विणायला शिकवलं आहे. थंडीपर्यंत तुझ्या बापाचा स्वेटर होईल. निळी लोकर आणली आहे.

तुझी संमती मागत नाही, कळवते आहे.

तुझी ताई


पुलगाव, २३ जुलै १९५५

ती. ताईस सप्रेम नमस्कार.

पत्र बसून वाचले. पद्माने लेकीची बातमी म्हणून उभ्यानेच वाचले व ती पोट धरून हसली. मला तितके हसू आले नाही.

खरे सांगतो, हा विषय मला पहिल्यापासून पसंत नव्हता. मिलमध्ये साहेबांनी विचारले, मुलगी काय शिकते? मी म्हणालो, तत्त्वज्ञान. ते म्हणाले, "काय हो, घरी काही दुःख आहे का?" अमरावतीचे स्थळ चालून आले आहे. मुलगा ओव्हरसियर आहे. त्याच्या वडिलांनीही हेच विचारले, की मुलगी संन्यास वगैरे तर घेणार नाही ना. मी काय उत्तर द्यावे?

तरीही तू एवढे मनावर घेतले आहेस तर माझी ना नाही. पण एक ठरवून टाकू. तू बसू शकतेस तोपर्यंत सुधाचे तत्त्वज्ञान. ज्या दिवशी तुझ्याने होणार नाही त्या दिवशी ती मराठी घेईल, व मग कोणी कोणाशी वाद घालायचा नाही. तुझा गुडघा मला माहीत आहे. कॉलेजचे बाक कसे असतात तेही माहीत आहे.

मला वाईट याचे वाटते की हे सगळे तुझ्या वाट्याला यावे. तुला स्वतःला कॉलेजची गोडी नव्हती. अर्ध्यात सोडून तू शाळा पत्करलीस, मुलांत रमलीस. आता विश्रांती घ्यायच्या वयात त्याच बाकावर जाऊन बसायचे म्हणजे शिक्षाच. पोरीसाठी तू किती सोसतेस, हे तिला मोठेपणी कळेल.

स्वेटरची घाई नाही.

तुझा नरहर


वर्धा, ४ सप्टेंबर १९५५

चि. नरहर,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे. सध्या देत नाही. राग आला की मी आधी पाणी पिते, हे तुला माहीत आहे. अजून पिते आहे.

वर्गाची हकिकत ऐक. पहिल्या दिवशी तानबा चपराशाने माझ्यासाठी दाराजवळ एक खुर्ची मांडली, रेल्वे स्टेशनवर सामान राखायला बसवतात तशी. मी सरळ आत गेले आणि सुधाच्या बाकावर बसले. प्रोफेसर म्हणजे कृष्णकांत पांढरीपांडे, वय सव्वीस, मिशी अजून पुरती ठरलेली नाही. मला पाहून त्यांचा खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. शेवटी मीच उचलून दिला आणि म्हटलं, "चालू द्या. मी इथे नाही असं समजा." त्यांनी तसं समजायचा फार प्रयत्न केला, पण पूर्ण तासभर ते खिडकीलाच शिकवत होते.

आता रुळले आहेत. हजेरी घेतात. एकच नाव. सुधा "हजर" म्हणते, आणि मग ते उगाच माझ्याकडे पाहतात.

मी काही ऐकत नाही. मला काय करायचं आहे? कानावर पडतं तेवढंच. परवा ते शिकवत होते की वस्तू आपल्याला दिसते म्हणून ती आहे, की ती आहे म्हणून दिसते? समोरच्या टेबलावर हात ठेवून म्हणाले, "आपण तिघंही या खोलीबाहेर गेलो, कोणीच पाहत नाही, तर हे टेबल आहे असं कशावरून म्हणायचं?" नरहर, मला हसू आलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. पोराला वाटलं मी त्याला हसले. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मग मला त्याची समजूत घालावी लागली, आणि ती घालताना मी चार वाक्यं बोलले, त्यांनी आठ बोलून माझं खोडलं, मी त्यांचं खोडलं, आणि घंटा झाली. सुधाने सगळं टिपून घेतलं. तानबा दारातून म्हणतो, "बाई, तुमी रोज मास्तराले काऊन झापता? भला मानूस हाये तो." मी सांगितलं, याला झापणं नाही, तत्त्वज्ञान म्हणतात. तो म्हणाला, "मंग आमच्या घरी रोजच हाये."

पिपरीहून चतुराबाई भाजी घेऊन येते, तिला आता बातमी लागली आहे. "बाई, तुमी कालेजात जाता म्हन्ते? मास्तर मारत नाई ना?" म्हणून वांग्यांवर दोन मिरच्या जास्त टाकते.

खडूचा वास अजून तसाच आहे. ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा तर अगदी तोच. मी शाळेत सारा जन्म खडू वापरला, पण शाळेतल्या खडूला तो वास कधी आला नाही. कारण शोधायच्या भानगडीत मी पडत नाही.

गुडघा ठीक आहे. स्वेटरची पाठ झाली. पुढचं चालू आहे.

ताई


पुलगाव, ५ नोव्हेंबर १९५५

ती. ताईस सप्रेम नमस्कार.

दसऱ्याला सुधा आली होती. तिच्या तोंडून सगळे काढून घेतले. तू गुडघ्याला रोज फडके बांधून जातेस. कॉलेजचे दोन जिने चढताना मध्ये थांबतेस. घरी आल्यावर बोलत नाहीस, पुस्तक उघडे ठेवून बसून राहतेस. स्वेटरची बाही महिनाभर तेवढीच आहे असेही ती म्हणाली. यावरून तू किती थकली आहेस ते समजले. तू तोंडाने कधी सांगणार नाहीस.

म्हणून मी व पद्माने ठरवले आहे. शालूबाई आपल्याकडेच आहेत, आईकडच्या नात्यातल्या, तू त्यांना ओळखतेस. घरात त्यांना फारसे काम नाही व त्यांचे गुडघे शाबूत आहेत. दिवाळी झाली की त्या वर्ध्याला येतील व सुधाच्या बाकावर बसतील. प्रिन्सिपॉलसाहेबांना मी रीतसर पत्र घातले, त्यांची हरकत नाही. सुधाचा विषयही सुटणार नाही आणि तूही सुटशील. तू पुलगावला ये. पुढची खोली पद्माने तुझ्यासाठी रिकामी केली आहे. खिडकीत ऊन येते.

इतके दिवस तू निभावलेस हेच पुष्कळ झाले. आता नाही म्हणू नकोस.

तुझा नरहर


वर्धा, २७ नोव्हेंबर १९५५

नरहर,

तुझ्या शालूबाई पोचल्या. मी पुलगावला येणार नाही. खिडकीतल्या उन्हात मिरच्या वाळत घाला.

पहिल्याच दिवशी त्यांनी बाकावर मांडी घातली आणि जपमाळ काढली. पांढरीपांडे कार्यकारणभाव समजावत होते. मध्येच यांनी विचारलं, "मास्तर, तुमचं गोत्र कोणतं?" त्या पोराने सांगितलं! मग "लग्न झालं का?" नाही. "मंग पोरगी पाहू काय?" सुधाने वहीत तोंड खुपसलं. यानंतर शालूबाईंनी डोळे मिटले आणि घंटेपर्यंत घोरल्या. दुसऱ्या दिवशीही. पण त्यांचा दोष नाही. कॉलेजला जिवंत वडीलधारं माणूस हवं होतं, जागं हवं अशी अट नव्हती.

हे मला कसं माहीत, असं विचारशील. मी दाराबाहेर होते, तानबाच्या स्टुलावर. मला वाटलं होतं, दोन दिवस जरा लक्ष ठेवावं. तिसऱ्या दिवशी पाय आपणच तिकडे गेले. आठव्या दिवशी तानबा म्हणाला, "बाई, तुमी भाईर काऊन बसून राह्यल्या? आत ते म्हातारी झोपून राह्यली. तिले मी उठवू का?" मी म्हटलं, नको. तो उभा राहिला. त्याचं स्टूल माझ्याखाली होतं.

मी हेडमिस्ट्रेस होते, नरहर. आणि मी चपराशाच्या स्टुलावर बसून दाराच्या फटीतून ऐकत होते. हे तू केलंस, तेही माझ्यावर उपकार म्हणून. आता पाणी पुरे झालं, ते वाक्य घेते. "तुला स्वतःला कॉलेजची गोडी नव्हती." कुणी सांगितलं तुला?

ऐक. इंटरपर्यंत नागपूरच्या कॉलेजात माझ्याबरोबर कॉन्व्हेंटचीच रोझी होती. पुढे ती जबलपूरला नर्स व्हायला गेली आणि १९१८ साली बी.ए.च्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटी उरले. तेव्हाच्या प्रिन्सिपॉलांनी बाबांना सांगितलं, आईने नाहीतर घरच्या कुणा पुरुषाने बरोबर बसावं. जवळजवळ हेच शब्द. आई दम्याने अंथरुणाला खिळलेली, बाबांना कोर्ट. बाबा म्हणाले, "नरहर जाईल."

तू सहा वर्षांचा होतास. नियमाला पुरुष हवा होता, उंची विचारलेली नव्हती.

रोज तुझं बोट धरून मी कॉलेजात जात असे. तुझ्या खिशात शेंगदाणे. मुलगे आधी हसत, नंतर तुझ्याकडे शेंगदाणे मागायला लागले. बाकावर तुझे पाय लोंबकळत, मुंग्या येत, म्हणून तू घसरत घसरत प्रोफेसरांच्या टेबलाखाली जाऊन बसायचास. म्हातारे स्कॉटिश गृहस्थ होते. त्यांचा पाय तुला लागला तर तुझी माफी मागायचे. एक दिवस त्यांनी टेबलावर हात ठेवून तोच प्रश्न केला. आपण सगळे निघून गेलो तर हे टेबल राहील का? तू टेबलाखालून विचारलंस, "ताई, काय म्हणतात ते?" मी मराठीत सांगितलं. तू डोकं बाहेर काढून म्हणालास, "राहील की! तुम्ही जा. मी इथेच बसतो. मी बघतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारे खुर्चीवरून उठले आणि खाली वाकून त्यांनी तुझ्याशी हात मिळवला.

तो एवढा काळ, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला. मला तेव्हा वाटायचं, जगात जे काही आहे ते खरोखर कसं आहे, हे कळण्याच्या मी अगदी जवळ आले आहे. फक्त अजून दोन तास व्हायला हवेत.

दिवाळीनंतर तुला शाळेत घातलं. तुझी शाळा आणि माझा तास एकाच वेळी. मुलाची शाळा महत्त्वाची की मुलीचा तास, असा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही. मलासुद्धा नाही. त्या वर्षी आई गेली, पुढचं तुला माहीत आहे. तुला बोल लावत नाही. सहा वर्षांच्या पोराला कोण बोल लावेल? पण मला गोडी नव्हती असं पुन्हा लिहू नकोस.

शालूबाईंना न्यायला कुणाला तरी पाठव. किंवा पाठवू नकोस, आणि सुधाला मराठी घ्यायला लाव. काय करायचं ते तू ठरव. माझी बाही अर्धी राहिली आहे कारण मी ऐकत होते.

ताई


पुलगाव, ३० डिसेंबर १९५५

ती. ताईस सप्रेम नमस्कार.

उत्तरास उशीर झाला. मिलमध्ये वर्षअखेरीची कामे होती. हे खरे कारण नाही, पण कारण आहे.

शालूबाईंना आणायला शेजारचे बंडूजी येत आहेत. पांढरीपांड्यांसाठी मुलगी पाहण्याचे शालूबाईंनी मनावर घेतले आहे, ते त्यांना इथून करू दे. प्रिन्सिपॉलसाहेबांनाही कळवले आहे की पूर्वीचीच व्यवस्था चालू ठेवावी.

बंडूजींबरोबर पद्माने बाकासाठी दोन गाद्या दिल्या आहेत. एक बसायला, एक पाठीला. प्रोफेसरांनी हरकत घेतल्यास त्यांना माझे नाव सांग.

अमरावतीकरांना मी लिहून टाकले की मुलीचा अभ्यास चालू आहे, सवडीने बोलू. त्यांना सवड नाही असे उत्तर आले. पद्माने त्या दिवशी शिरा केला.

ते टेबल आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. टेबल आठवत नाही. प्रोफेसरही आठवत नाहीत. फक्त टरफले आठवतात आणि एका साडीचा जांभळा काठ, माझ्या तोंडासमोर. तुझी जांभळ्या काठाची साडी होती का?

तुझा नरहर


वर्धा, ९ जुलै १९५६

चि. नरहर,

होती. कॉलेज सुटल्यावर मी ती आईच्या पेटीत ठेवली, पुढे तिच्या दुपट्यात तुझी सुधा झोपली.

आता दुसरं संकट. या वर्षी तत्त्वज्ञानाला चार नव्या मुली आल्या, त्यातली एक केळझरहून येते, रोज डबा घेऊन. दोन्ही वर्षांचे तास एकत्र होणार. मला आनंद झाला, खरंच झाला. लगेच प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला, "आता मुली पाच झाल्या. शरयूबाईंनी तसदी घेण्याचं कारण नाही."

एक वर्षभर मी त्यांच्यासाठी नियम होते. आता तसदी झाले.

सुधा घरी येऊन सांगते, "आत्या, सर हजेरी घेतात आणि तुझ्या जागेकडे पाहून थांबतात. मुद्दा मांडला की पुन्हा थांबतात. कुणी खोडत नाही म्हणून त्यांनाच तो खरा वाटेनासा झालाय." दोन दिवस मी हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पेटीतून माझं इंटरचं सर्टिफिकेट काढलं आणि कॉलेजच्या ऑफिसात गेले.

क्लार्क म्हणाला, "बाई, कोणासाठी फॉर्म?"

"माझ्यासाठी. बी.ए., पहिलं वर्ष, तत्त्वज्ञान."

त्याने सर्टिफिकेट उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, प्रिन्सिपॉलसाहेबांकडे नेलं. ते बाहेर आले. मी म्हटलं, "साहेब, माझ्याजवळ बसायला घरचं वडीलधारं माणूस लागत असेल तर मीच ते आहे." त्यांच्या लेकींना मी भागाकार शिकवला असल्यामुळे असेल, ते हसले आणि आत गेले. त्याला मी होकार समजले.

पण फॉर्मच्या तळाशी एक ओळ आहे: विद्यार्थिनीच्या पालकाची सही. मी सत्तावन्न वर्षांची आहे! मी हजारो मुलींच्या पालकांना सह्या करायला लावल्या आहेत! क्लार्क म्हणतो, "बाई, विद्यार्थिनीले पालक पाहिजेच. वडील नाई का?" नाहीत. "मिस्टर?" नव्हतेच. "मंग भाऊ गिऊ?"

म्हणजे नियमाला पुन्हा एक पुरुष हवा आहे. या खेपेला तुझी उंचीसुद्धा पुरेशी आहे.

फॉर्म सोबत आहे. तुला योग्य वाटलं तर सही कर. नाही वाटलं तरी मी रागावणार नाही, असं खोटं लिहिणार नाही. शनिवारी प्रवेश बंद होतात.

सुधा आता मला सीनियर झाली. कालपासून चहा मला करायला लावते.

ताई


पुलगाव, ११ जुलै १९५६

ती. ताईस सप्रेम नमस्कार.

फॉर्म सही करून सोबत पाठवला आहे. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून उद्या सकाळच्या पॅसेंजरने पद्मा स्वतः हे पाकीट घेऊन येत आहे. तिला वर्गही पाहायचा आहे.

"विद्यार्थिनीशी नाते" या रकान्यात मी धाकटा भाऊ असे लिहिले. नंतर त्यापुढे आणखी काही लिहावेसे वाटले, पण रकाना अरुंद होता. खाली छापले आहे की विद्यार्थिनीच्या चांगल्या वर्तणुकीची हमी पालक घेतात. त्यावर पद्मा म्हणाली, "ही सही विचार करून करा हं." मी विचार न करता केली. प्रोफेसरांना झापल्याची तक्रार माझ्याकडे आल्यास ती मी फाइलला लावून टाकीन.

काल साहेबांनी पुन्हा विचारले, मुलगी अजून तेच शिकते का? मी म्हणालो, हो, आणि माझी बहीणही. या खेपेला त्यांनी दुःखाचे विचारले नाही.

स्वेटर आहे तसा पद्माजवळ दे. अर्धी बाही ती पुरी करील. तुझे लक्ष आता दुसरीकडे असायला हवे.

ताई, ते टेबल मला अजूनही आठवलेले नाही. इतकी वर्षे मी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. तरी ते होते.

तू जा. मी इथेच बसतो. मी बघतो.

तुझा नरहर